सतरा नंबरचं पान

१

मंगळवारी सकाळी पहिली पाळी आत गेल्यावर शिवयोगीनं गिरणीच्या टाइम ऑफिसात अपघाताची वही उघडली, तेव्हा तिच्यातलं सतरा नंबरचं पान नव्हतं.

सोळा नंबरचं होतं. एका बाईच्या पायावर बॉबिनांची पेटी पडली होती, ते. त्यानंतर एकदम अठरा. मधे शिवणीजवळ कागदाची एक वाकडीतिकडी पट्टी तेवढी राहिली होती.

"मानसिंग, हे काय रे?"

टाइमकीपर मानसिंग पितळी बिल्ले मोजत बसला होता. गिरणीत प्रत्येक कामगाराला नंबराचा एक बिल्ला असे. आत येताना तो गेटवरच्या पेटीत टाकायचा. पेटीत ज्याचा बिल्ला, तो मस्टरला हजर. मानसिंगनं मान वर केली, वही बघितली आणि हातातले बिल्ले टेबलावर सांडले.

"शनिवारी होतं हो! माझ्या हातानं लिहिलंय मी. रुद्रप्पा, बदली कामगार, कार्डखातं, यंत्र नंबर नऊ, उजव्या हाताची चार बोटं. आईशप्पथ होतं!"

शिवयोगी खाली बसला. तो युनियनच्या ऑफिसात क्लार्क होता. वय बावन्न. कामगारांचे विम्याचे फॉर्म भरायचे आणि विमा ऑफिसच्या पायऱ्या झिजवायच्या, हेच त्याचं काम. बायको पार्वतम्मा जाऊन सात महिने झाले होते. घरी लवकर जाण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळं हल्ली तो हे काम जरा जास्तच करत होता.

रुद्रप्पाची बोटं फेब्रुवारीत गेली. आता जून, सत्याहत्तर साल. गिरणीनं अपघाताचा रिपोर्ट विमा ऑफिसला पाठवायचा असतो, तो पाठवलाच नव्हता. सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर 'यंत्रात हात' एवढंच होतं. कुणाचं यंत्र, कुठलं, काही नाही. तीन महिने चकरा मारून शिवयोगीनं मेडिकल बोर्डाची तारीख मिळवली होती. येता शुक्रवार. अपघात गिरणीत, कामावर असताना झाला, हे दाखवणारा कागद सगळ्या सोलापुरात एकच होता, आणि तो या वहीत होता.

"शनिवारनंतर खोलीत कोण कोण आलं?"

"कोण नाही आलं? मॅनेजरसाहेब आले सोमवारी. शिवप्पा जॉबर तर रोज येऊन माझ्या खुर्चीत बसतो. झाडणारी बाई. रुद्रप्पा येऊन गेला शनिवारी, बिचारा. नाव नीट लिहिलंय का बघतो म्हणाला. मीच धीर दिला त्याला. म्हटलं, इन्स्पेक्टर येऊन वही नि मस्टर ताडून बघेल, काळजी करू नको. आणि सोमवारी पंखेवाला आला होता."

"कपाटाला कुलूप नाही?"

"आहे की."

"मग किल्ली?"

"कुलपालाच असते. हरवते नाहीतर."

शिवयोगीनं कपाळाला हात लावला. "बरं, मस्टर काढ. वही नाही तर नाही. त्या दिवशी रुद्रप्पा हजर होता एवढं मस्टरवर दिसलं, तरी भांडता येईल."

"मस्टर हेड ऑफिसला गेलंय. उद्या दुपारी येईल."

वही मिटताना शिवयोगीला अठराव्या पानावर खालच्या अंगाला एक पिवळट डाग दिसला. तळहाताएवढा.

"वहीवर चहा सांडतोस काय रे?"

"मी चहा पीतच नाही," मानसिंग म्हणाला. "आणि शनिवारी डाग नव्हता."

२

कार्डखात्यात, कापूस विंचरण्याच्या विभागात, तंतू हवेत तरंगत होते. माणसांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. शिवप्पा जॉबर तोंडावरचा फडका खाली ओढत बाहेर आला. खात्यातली सगळी माणसं त्याच्या हाताखाली.

"या. तुमी आला म्हणजे कुणाचं तरी बोट गेलं असणार."

"बोटं जुनीच आहेत. पान नवीन गेलंय," शिवयोगी म्हणाला. "त्या दिवशी काय झालं ते परत सांग."

"कितींदा सांगू? साडेदहाला वीज गेली. यंत्रं थांबली. वीज गेली की पोरं झाकण उघडून आतला कापूस काढून घेतात, तेवढंच काम हलकं. आदी पट्टा उतरवायचा, मग हात घालायचा, असा नियम हाय. रुद्रप्पानं उतरवला न्हाय. वीज आली, रूळ फिरला. दातेरी रूळ त्यो. करवतीसारखा."

"पट्टा उतरवा म्हणून ओरडायचं काम कुणाचं?"

शिवप्पानं फडका झटकला. "माझं. पण नऊ यंत्रं, नऊ माणसं. कुणाकुणाकडं बघू?"

"दहा यंत्रं आहेत ना?"

"दहा नंबर त्या दिवशी उघडून ठेवलंतं, धार लावायला. निस्ता सांगाडा. नऊच चालत होती." मग तो जवळ आला. "तुमाला वाटतंय पान मी फाडलं. मी कशाला फाडू? मालकाला इचारा. पैसं त्यांच्या खिशातनं जाणार."

"इथंच सगळे चुकता," शिवयोगी म्हणाला. "ते दिवस गेले शिवप्पा. पूर्वी हात तुटला की मालक भरपाई द्यायचा, एकदाच काय ती, आणि कागदावर अंगठा घेऊन गेटाबाहेर काढायचा. आता विमा आहे. दर आठवड्याला वर्गणी जातेच. रुद्रप्पाला द्यायचं ते विमा महामंडळ देणार. मालकाला एक पै पडत नाही. पान फाडून त्याला काय मिळणार?"

शिवप्पाचं तोंड थोडं उघडं राहिलं. वीस वर्षं खात्यात असून त्याला हे ठाऊक नव्हतं.

शिवयोगीनं ते लक्षात ठेवलं. म्हणजे पान फाडणाराही असाच कुणीतरी होता, जुन्या कायद्यात अडकलेला. मॅनेजरला नवा कायदा पाठ होता. तो यातून सुटला. उरला शिवप्पा. पट्ट्याचा दोष त्याच्यावर येणार होता.

"चौकशी लागली तर तुझी नोकरी जाईल?"

"जॉबरची नोकरी कधी जाती व्हय?" शिवप्पा हसला. "ताकीद मिळंल. दोन वर्सांमागं पण मिळालीती. कपाटात ठिवलीय जपून."

खरं बोलत होता. शिवयोगीला तेच आवडलं नाही.

३

रुद्रप्पाचं घर गिरणीच्या मागच्या चाळीत होतं. दोन खोल्या. घर त्याचा मेव्हणा सिद्धाराम याच्या नावावर. सिद्धाराम कार्डखात्यातला कायम कामगार, म्हणून त्याला चाळीत जागा. त्याची बायको, चार पोरं, म्हातारी आई, आणि बहीण नागम्मा, तिचा नवरा रुद्रप्पा नि त्यांच्या दोन मुली. अकरा माणसं सिद्धारामच्या पगारावर. रुद्रप्पा दहा वर्षं बदली होता. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी आलं नाही तर त्याच्या जागी आत जायचं, नाहीतर घरी.

शिवयोगी गेला तेव्हा नागम्मा नवऱ्याच्या हाताला हळद आणि तेल लावत होती. चार महिने झाले तरी जखम मिटत नव्हती, सांध्यावर उकलत होती. एकटा अंगठा उरला होता. पिवडी फासलेल्या भिंतीसारखा सगळा हात पिवळा.

"बसा अप्पा," नागम्मा म्हणाली. "शुक्रवारचं ठरलं न्हवं?"

"पान गेलंय वहीतलं. कुणीतरी फाडलं."

नागम्माचा हात थांबला. रुद्रप्पा जमिनीकडं बघत राहिला. सिद्धाराम आतून बाहेर आला. थोराड माणूस, कामावरून नुकताच येऊन हात धुतलेला.

"कुणी फाडलं? त्या शिवप्पानं?"

"तेच शोधतोय. सिद्धाराम, तू त्या दिवशी कामावर होतास. साक्ष देशील?"

आत तव्यावर भाकरी फुगत होती तिचा वास आला.

"देईन की," सिद्धाराम म्हणाला. "मी दहा नंबरावर हुतो. शेजारीच. दाजी वरडला तसा यंत्र सोडून धावलो. पट्टा मीच वडला. रगत बगून चक्कर आली मला, सांगाय लाज कशाची."

"दहा नंबरावर?"

"व्हय की. वीस वर्सं माझं यंत्र हाय ते. कुत्र्यागत वळकतं मला."

नागम्मा हळूच म्हणाली, "अण्णा, चा घिऊन ये की आतनं." तिचा आवाज नको इतका सहज होता.

शिवयोगी उठला तेव्हा रुद्रप्पानं विचारलं, "अप्पा, एकदाच देतेत न्हवं? अंगठा घेऊन?"

"नाही. बोर्ड ठरवतं कमाईची ताकद किती गेली ते. चार बोटं म्हणजे शेकडा पन्नास. मग तेवढ्या हिश्शाचं पेन्शन दर महिन्याला, तू जिवंत आहेस तोवर. पुढं हलकं काम धरलंस तरी बंद होत नाही."

रुद्रप्पानं पहिल्यांदा वर बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. घाबरला होता तो.

दारात चपला घालताना शिवयोगीच्या डोक्यात एकच गोष्ट होती. दहा नंबरचं यंत्र त्या दिवशी उघडून ठेवलं होतं. सांगाड्यावर काम करत असलेला माणूस धावून कसा येईल?

४

बुधवारी दुपारी मस्टर आलं. शिवयोगीनं फेब्रुवारीचं पान काढलं, तारखेवर बोट ठेवलं आणि कार्डखात्याची हजर माणसं मोजली. नऊ. यंत्रं नऊ, माणसं नऊ.

नऊ जणांत सिद्धाराम होता. रुद्रप्पा नव्हता. त्याच्या नावापुढं गैरहजेरीची फुली होती.

मानसिंग खांद्यावरून बघत होता. त्याचं तोंड पांढरं पडलं. "असं कसं? बोटं त्याचीच तुटली. मी स्वतः बघितलंय, स्ट्रेचर धरायला होतो मी!"

"मस्टर तू कशावरून भरतोस?"

"बिल्ल्यांवरून."

"आणि अपघाताची वही?"

"माणूस बघून."

"दोन्ही वह्या कधी शेजारी ठेवल्यास?"

"कशाला ठेवू?" मानसिंग म्हणाला, आणि मग परत त्या फुलीकडं बघू लागला.

शिवयोगीनं समजावून सांगितलं नाही. त्याला आता सगळं एकापुढं एक दिसत होतं. फेब्रुवारीत मंगळवेढ्याकडं ज्वारीची काढणी चालते. सिद्धारामचं शेत तिकडं. काढणीला रजा मिळत नाही, खाडा पडला तर कायम नोकरीवर येतं. मग बिल्ला द्यायचा घरातल्या माणसाला. पेटीत नंबर पडला की झालं. अर्धी गिरणी असं करत होती, आणि जॉबर चहापाण्यावर डोळे मिटत होता. सिद्धाराम त्या दिवशी सोलापुरातच नव्हता. त्याच्या बिल्ल्यावर रुद्रप्पा आत गेला. दहा नंबर बंद, म्हणून त्याला नऊवर उभं केलं.

यंत्रात हात गेला तो रुद्रप्पाचा. कागदावर हजर होता सिद्धाराम.

पान वहीत असतं, तर इन्स्पेक्टरनं दोन्ही वह्या ताडून बघितल्या असत्या. मग सिद्धारामची लबाडी उघडी पडली असती. पान नसलं, तर सिद्धाराम वाचतो. म्हणजे पान फाडलं त्याला सिद्धाराम वाचायला हवा होता. सिद्धाराम स्वतः? तो टाइम ऑफिसात आलाच नव्हता. नागम्मा? तिला आत कोण सोडतं?

त्यानं अपघाताची वही परत उघडली. अठराव्या पानावरचा पिवळा डाग. त्यानं आपला उजवा पंजा त्याच्याशेजारी ठेवून बघितला. तळहात जुळत होता. अंगठ्याचा ठसाही होता. बोटांच्या जागी कागद कोरा होता.

डाव्या हातानं पान फाडताना त्यानं उजव्या हातानं वही दाबून धरली होती. हळदीच्या हातानं.

"मानसिंग, शनिवारी रुद्रप्पाला वही दाखवलीस, तेव्हा तू इथंच होतास?"

"पाळी सुटली होती, मी गेटवर... पण तो कशाला फाडेल? त्याचाच तर कागद!"

पार्वतम्माला मिरजेला न्या, असं डॉक्टरनं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. ती चिठ्ठी तिनं चुलीत घातली होती. नवऱ्याचे खाडे पडतील म्हणून. ती गेल्यावर शेजारणीनं त्याला ते सांगितलं. माणूस आपलाच कागद का फाडतो, हे शिवयोगीला कुणी शिकवायची गरज नव्हती.

५

गुरुवारी सकाळी त्यानं रुद्रप्पाला युनियनच्या ऑफिसात बोलावलं. नागम्माही आली. ती दारातच उभी राहिली, पदर डोक्यावर घेऊन.

"रुद्रप्पा, पान कुठं आहे?"

रुद्रप्पानं नाही म्हणायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "जाळलं."

"का?"

"इन्स्पेक्टर दोनी वह्या बगंल म्हणला मानसिंग. मग पाव्हण्याची नोकरी गेली असती. माजा हात गेला त्यो गेला. अकरा माणसं जेवतेत त्या नोकरीवर. तुमी सांगा, मी काय करायचं हुतं?" त्यानं हात मांडीवर ठेवला. "आन् मला वाटलं, देतेत ते एकदाच देतेत. माज्या बापाला दिल्ते. दोन म्हयन्यात संपले. तेवड्यासाटी..."

"दर महिन्याला, जन्मभर," शिवयोगी म्हणाला. "आणि आणखी एक ऐक. बदली असो, दुसऱ्याच्या बिल्ल्यावर असो, पहिलाच दिवस असो. कामावर असताना इजा झाली की विमा लागू. किती वर्गणी भरली ते त्यात बघत नाहीत. तुझा हक्क तेव्हाही होता. फक्त तू खरोखर आत होतास, हे सिद्ध व्हायला पाहिजे."

"आता कसं हुनार? पान न्हाय."

"एकच माणूस सिद्ध करू शकतो. ज्याचा बिल्ला होता तो. मी नव्हतो, माझ्या जागी हा होता, असं त्यानं लिहून द्यायचं."

रुद्रप्पा ताडकन उठला. "न्हाय. लिहू नका. फॉर्म फाडून टाका, अप्पा."

"फॉर्म तुझा आहे. तू म्हणशील तर फाडतो."

"फाडा."

शिवयोगीनं फॉर्म उचलला. तेव्हा दारातून नागम्मा बोलली.

"थांबा जरा." ती आत आली. नवऱ्याच्या समोर उभी राहिली. "पान तुमी फाडलं व्हय? दोन दीस मी शिवप्पाला शिव्या घालाय लागले."

"नागे, तुज्या भावासाटी..."

"माज्या भावाला इचारलं का तुमी? त्याची नोकरी, तुमचा हात. दोगांनी गप बसून ठरिवलं. मला इचारलं का कुणी?" तिचा आवाज चढला नाही. "मला दोन पोरी हायत. भाऊ उद्या मेला तर कोन खायाला घालनार त्यांना?"

रुद्रप्पा खाली बसला. नागम्मानं शिवयोगीकडं बघितलं. "अप्पा, अण्णाची नोकरी जाईल, हे नक्की?"

शिवयोगीला खोटं बोलावंसं वाटलं. फार वाटलं. "नक्की नाही. पण जाईल."

ती वळली आणि गिरणीच्या रस्त्यानं चालू लागली.

६

पहिली पाळी सुटल्यावर ती सिद्धारामला घेऊन आली. त्याच्या केसांत कापूस अडकला होता. तो आल्या आल्या खुर्ची ओढून बसला.

"लिहा," तो म्हणाला. "आठ दीस ज्वारी काडायला गेलतो. बिल्ला दाजीला दिल्ता. शिवप्पाला ठावं हुतं."

"सिद्धाराम, याचा परिणाम..."

"ठावं हाय. बहिणीनं वाटंत समदं सांगितलं." तो रुद्रप्पाकडं बघत नव्हता. "दहा नंबरचं खोटं बोललो, तवाच तुमी वळकलं न्हवं? आयला, वीस वर्सं यंत्राशी ऱ्हायलो, आन् त्यानंच चाडी केली."

शिवयोगीनं लिहिलं, वाचून दाखवलं. सिद्धारामनं सही केली. सही करताना त्याची जीभ ओठावर आली होती, शाळेतल्या पोरासारखी. रुद्रप्पा भिंतीकडं तोंड करून रडत होता आणि डाव्या हातानं डोळे पुसत होता. अजून त्याला ते नीट जमत नव्हतं.

शुक्रवारी बोर्डानं हात बघितला. जबानी आणि मस्टर बघून इन्स्पेक्टरनं अपघात मान्य केला. शेकडा पन्नास. मंजुरीचा कागद यायला पुढं दीड महिना लागला.

सिद्धारामला त्याआधीच गिरणीनं काढलं. शिवप्पाला ताकीद मिळाली. चाळीतली जागा महिन्याच्या शेवटी सोडायची नोटीस आली. शिवयोगीनं युनियनकडून अर्ज केले, मॅनेजरला भेटला, दोनदा ओरडला. काही झालं नाही.

ऑगस्टमध्ये एका दुपारी तो विमा ऑफिसातून मंजुरीचा कागद घेऊन निघाला, तेव्हा एसटी स्टँडवर सिद्धाराम दिसला. मंगळवेढ्याची गाडी लागली होती. बायको, पोरं, म्हातारी आत बसली होती. टपावर ट्रंका, पाट्या, एक मोडका पाळणा. रुद्रप्पा आणि नागम्मा मुलींना घेऊन शहरातच राहणार होते, एका खोलीत. रुद्रप्पाला कुणीतरी गोदामावर राखणदार म्हणून ठेवणार होतं.

"आला कागद?" सिद्धारामनं विचारलं.

शिवयोगीनं दाखवला. त्यानं हातात घेतला नाही, नुसता बघितला. मोठ्या अक्षरातला शिक्का त्याला वाचता येत होता.

"शेतावर काय करशील?"

"करंन कायतरी. खडकाळ हाय. पण कापूस तरी न्हाय हवेत." तो गाडीच्या पायरीवर चढला. कंडक्टरनं घंटी वाजवली. मग काहीतरी आठवल्यासारखं तो परत खाली वाकला.

"अप्पा, दाजी जिता हाय तवर देतेत म्हणलासा न्हवं?"

"होय. जन्मभर."

"मग सांगा त्याला," सिद्धाराम म्हणाला, "लई वर्सं जग म्हणावं."